गोल्फची बॅग, पिचिंग वेज ४४, सँड वेज ५६: दोन जागा रिकाम्या आहेत, काय घेऊ? (डावखुरा आहे)

डावखुरा मुलुंडकर | शुक्रवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. मे संपत आलाय. पाऊस सुरू व्हायच्या आत बॅग एकदा नीट लावून घ्यायची आहे, म्हणून विचारतोय.

वय ५३, हँडिकॅप १९, म्हणजे मध्यम दर्जाचा खेळाडू. खेळायला उशिरा लागलो, शेहेचाळिसाव्या वर्षी, खारघरच्या सिडकोच्या कोर्सवर. क्लबाचं सभासदत्व आमच्या आवाक्यातलं नाही. पैसे भरा आणि खेळा अशी सोय तिथे झाली म्हणून हा खेळ माझ्या वाट्याला आला. शनिवारी पहाटे पावणेपाचला मुलुंड सोडतो, ऐरोलीचा पूल ओलांडला की रस्ता मोकळा, आणि खारघरचे डोंगर दिसायला लागेपर्यंत उजाडतं. आठवड्यातले हे पाच तास मला फार मोलाचे आहेत.

बॅगेत आत्ता १२ स्टिक आहेत: ड्रायव्हर, ३ वूड, ५ वूड, ४ हायब्रिड, ५ ते ९ आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज (वेज म्हणजे जवळच्या, उंच शॉटच्या स्टिक), पटर. नियमाने १४ चालतात, म्हणजे दोन जागा मोकळ्या.

खरा घोळ नव्या सेटपासून सुरू झाला. जुना पिचिंग वेज ४८ डिग्री लॉफ्टचा होता (लॉफ्ट म्हणजे स्टिकचं तोंड किती मागे कललंय ते). दिवाळीत नवे आयर्न घेतले, त्यातल्या पिचिंग वेजवर नुसता 'पी' कोरलेला, आकडा नाही. दोन महिन्यांनी कंपनीचा तक्ता बघितला तर ४४! म्हणजे माझा जुना नऊ नंबरच झाला तो. सँड वेज मात्र जुनाच, ५६ डिग्री, त्यावर बाउन्सचा, म्हणजे तळाच्या फुगवट्याचा, आकडा १४.

मागच्या शनिवारी तीन वेळा बॉल ग्रीनपासून (भोकाभोवतीच्या बारीक हिरवळीपासून) ९५ यार्डांच्या आसपास थांबला. पिचिंग वेज आखडता मारला तर दोन्ही वेळा ग्रीनच्या मागे, आणि छप्पन्न सगळं बळ लावून ओढला तर समोरच्या बंकरात, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात. चांगले दोन शॉट मारून तिथवर यायचं आणि मग हातात त्या अंतराची स्टिकच नसावी, याचं फार वाईट वाटतं.

दुसरी अडचण छप्पन्नची. ऑगस्टमध्ये हाच वेज फेअरवेवरून (मधल्या कापलेल्या गवतावरून) लोण्यासारखा चालतो. आता मेमध्ये जमीन इतकी कडक झालीय की तो आपटून वर उसळतो आणि बॉलच्या पोटात लागतो. बॉल गुडघ्याच्या उंचीने ग्रीन ओलांडून पार जातो. गेल्या तीन राउंडमध्ये पाच वेळा.

बरोबर खेळणारे सगळे म्हणतात, सरळ ६० घे. दुकानात गेलो तर उजव्या हाताच्या वेजची अख्खी भिंत, आणि डाव्या हाताचे फक्त तीन (आधी लॉफ्ट, मग बाउन्स): ५०/८, ५६/१४ आणि ६०/८. बाकी मागवावे लागतील, कधी येतील सांगता येत नाही म्हणाले. बजेट पंचवीस हजारांपर्यंत. जाणकारांनी कृपया सांगावं.

---

वाऱ्यावरची | शनिवार, सकाळी ७.१५

मुलुंडकर, तुमचं वाचून लिहायला बसलेच.

मी ६८ वर्षांची. यजमान नौदलात होते, त्यामुळे कुलाब्याला समुद्राकाठी खेळायला शिकले. तिथे दुपारनंतर वारा सुटला की भल्याभल्यांचे अंदाज चुकतात. ६० डिग्रीचा वेज मीही घेतला होता, अशाच मैत्रिणींच्या आग्रहावरून. चार वर्षं वापरला. तो बॉल उंच चढवतो हे खरं, पण उंच चढलेला बॉल वाऱ्याच्या ताब्यात जातो. आणि माझ्यासारख्या सावकाश स्विंगला पूर्ण मारूनही तो ४५ यार्डांपलीकडे जात नाही. स्टिकचं तोंड इतकं मागे कललेलं की जराशी चूक झाली तर स्टिक बॉलखालून निघून जाते आणि बॉल पायाशीच पडतो. फ्लॉप शॉटला (बॉल उंच उडवून जागीच थांबवायला) वेग लागतो आणि सराव लागतो. आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याला तो सराव कुठून मिळणार?

शेवटी मी तो भाच्याला देऊन टाकला आणि ५२ डिग्रीच्या वेजवर प्रेम केलं. ग्रीनच्या कडेपासून मी आजही नऊ नंबर आयर्नने चिप करते, बॉल लवकर खाली उतरतो आणि पटसारखा गडगडत जातो. बंकर आडवा नसेल तर बॉल हवेत कशाला पाठवायचा?

तुम्ही आधी ५० घ्या. चौदावी जागा रिकामी राहिली तर राहू द्या.

आणि १४ चा आकडा मोजत जा. एका लेडीज मेडल स्पर्धेला नातवाचा छोटा पटर माझ्या बॅगेत राहून गेला होता, तिसऱ्या टीवर लक्षात आलं. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजतात त्या प्रकारात) जादा स्टिकसाठी दर होलला दोन स्ट्रोकचा दंड, राउंडला जास्तीत जास्त चार. ते चार घेतले आणि पारितोषिक तीन स्ट्रोकने गेलं. अजून चुटपुट लागते.

---

हरळी | शनिवार, दुपारी २.४०

साहेब, ताईंनी ६० बद्दल लिहिलंय ते बरोबर आहे. ५० घ्या हेही बरोबर. पण चौदावी जागा रिकामी ठेवा म्हणाल्या, तिथे माझं मत वेगळं आहे. मुंबईची जमीन बघून सांगतो.

माझे वडील चेंबूरच्या कोर्सवर कॅडी होते. तो क्लब १९२७ सालचा. शाळा सुटली की मी वडिलांना डबा द्यायला जायचो, पुढे स्वतः बॅगा उचलल्या, आता रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, मुलांना शिकवतो. चाळीस वर्षं या गवताकडे खाली मान घालून बघतोय. गोल्फवाले ज्याला बर्म्युडा म्हणतात ती आपली हरळी. गणपतीला वाहतो त्या दूर्वा. कोर्सवर लावतात ते तिचेच सुधारलेले वाण. जमिनीलगत तिचे दोरे पसरतात, आणि पाऊस लागला की ते दोरे ओले, जाड होतात, स्टिकचं पातं त्यात अडकतं. उन्हाळ्यात तीच हरळी पातळ होते आणि खाली नुसती फरशी.

तुमचा १४ बाउन्सचा छप्पन्न म्हणजे तळ फुगीर. पावसाळ्यात मऊ मातीत तो तळ रुतू देत नाही, म्हणून ऑगस्टमध्ये तुम्हाला लोणी वाटतं. मेच्या फरशीवर तोच तळ आधी टेकतो, पुढची धार जमिनीपासून वर राहते, आणि ती धार बॉलच्या पोटात बसते. हात तुमचा चुकत नाहीये. स्टिक त्या जमिनीची नाही.

आता बंकर बघा. तिथे सगळं उलटं होतं, आणि हे कुणी सांगत नाही. उन्हाळ्यात वाळू सुकी, भुसभुशीत, पाय घोट्यापर्यंत जातो. तिथे फुगीर तळच पाहिजे, नाहीतर स्टिक वाळूत गाडली जाते. जुलैत तीच वाळू पावसाने ठोकून बसलेली असते, ओल्या सिमेंटसारखी. तिथे फुगीर तळ उसळतो आणि बॉल थेट समोरच्या काठात. म्हणजे मेमध्ये फेअरवेला कमी बाउन्स आणि बंकरला जास्त. जुलैत फेअरवेला जास्त आणि बंकरला कमी. वर्षातला कुठलाही महिना घ्या, मुंबईत दोन्ही तळ लागतात, फक्त त्यांची कामं अदलाबदल होतात.

म्हणून साहेब, छप्पन्न/१४ फेकू नका, आणि त्याच्या जोडीला दुसरा एक वेज कमी बाउन्सचा ठेवा, ६ च्या आसपास. लॉफ्ट ५८ असेल तर उत्तम. साठचा हट्ट नको, पण तळ पातळ हवा. मित्र आकडा बघून स्टिक सांगतात, तुम्ही तळ बघून घ्या.

घ्यायच्या आधी एक करा. रेंजवर चटईवरून मारू नका, चटई खोटं सांगते. वीस बॉल गवतावरून मारा आणि डिव्हट, म्हणजे उखडलेले गवताचे तुकडे, बघा. खोल आणि हाताच्या पंज्याएवढे निघत असतील तर तुम्ही खणणारे, तुम्हाला पातळ तळ पचणार नाही, मग ८ ते १० मध्येच राहा. नुसता पापुद्रा निघत असेल तर ६ खुशाल घ्या.

आणि ९५ यार्डांचं दुखणं नुसत्या स्टिकनेही जाणार नाही. स्टिक मागे नेताना हात घड्याळातल्या नऊच्या काट्यावर थांबवायला शिका, पण पुढचा स्विंग पूर्ण करा. आखडून मारता तेव्हा तुम्ही खाली येताना वेग कमी करता, तिथेच बिघडतं. माझ्याकडची अकरा वर्षांची मुलगी पिचिंग वेजने तीन वेगवेगळी अंतरं काढते.

---

लॉफ्ट मोजणारा | शनिवार, रात्री ११.०५

डोंबिवलीकर, व्यवसायाने टूलरूममधला. हरळींचा प्रतिसाद दोनदा वाचला. बंकरची ती अदलाबदल माझ्या कधी डोक्यातच आली नव्हती, जुलैत मी आजवर हातालाच दोष देत आलो.

डावखुऱ्यांच्या अडचणीवर एक मार्ग आहे. तुम्हाला हवा तो ५८/६ दुकानात नाही, पण ६०/८ आहे ना? तोच ५८/६ होऊ शकतो.

वेजची मान लॉफ्ट-लाय मशीनवर (स्टिकचे कोन मोजायच्या आणि बदलायच्या यंत्रावर) एक-दोन डिग्री वाकवता येते. मऊ पोलादाच्या वेजला तेवढं सहज सोसतं. लॉफ्ट कमी केला की तळही तितकाच फिरतो, म्हणजे लॉफ्ट एक डिग्री घटला तर बाउन्सही एक डिग्री घटतो. साठचा अठ्ठावन्न केला की आठचा बाउन्स सहा होतो. उलट दिशेने वाकवलं तर बाउन्स वाढतो, ते इथे नको.

बाउन्स या कल्पनेचा जन्मही असाच तळाशी खटपट करूनच झाला. अमेरिकन गोल्फपटू जीन सराझेनने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या निब्लिकच्या (जुन्या काळच्या जास्त लॉफ्टच्या आयर्नच्या) तळाला शिसं डकवून मागची कड पुढच्या धारेपेक्षा खाली आणली. विमान कसं वर उचललं जातं ते बघून त्याला हे सुचलं होतं. ती स्टिक घेऊन तो १९३२ ची ब्रिटिश ओपन जिंकला. तोपर्यंत बंकरमधून लोक धारेने खणत होते. शंभर वर्षं व्हायला आली तरी दुकानात गेलो की आपण विचारतो ते लॉफ्टच. तळाबद्दल क्वचितच कोणी विचारतं.

५० बद्दल: ४४ आणि ५६ च्या बरोबर मध्ये तो बसतो, सहा-सहा डिग्रीचं अंतर. त्याला हात लावायची गरज नाही. फक्त तुमचे खरे यार्ड कळवा. दोन वेजमधलं अंतर डिग्रीत सारखं असलं तरी यार्डांत सारखं येईलच असं नाही, आणि मैदानावर आपल्याला यार्डच लागतात. कॅरी मोजा, म्हणजे बॉल जिथे पडतो तिथपर्यंतचं अंतर. मेमधला गडगडत जाणारा बॉल धरू नका, जुलैत तो पडला तिथेच रुततो.

एक शंका आधीच दूर करतो. पिचिंग वेज ४४ वर का आला? कंपन्यांनी आयर्नचं वजन तळाकडे सरकवलं, त्यामुळे कमी लॉफ्टनेही बॉल उंच चढतो, मग लॉफ्ट अजून घटवला, आणि प्रत्येक नंबर आधीपेक्षा लांब जायला लागला. सात नंबरने लांब मारल्याचा आनंद होतो, पण त्याची भरपाई खालच्या टोकाला करावी लागते. तुमच्या बॅगेतलं भगदाड तिथूनच आलंय. जुना ४८ अजून घरात असेल तर टाकू नका, पन्नास येईपर्यंत त्यानेच काम चालवा.

---

डावखुरा मुलुंडकर | बुधवार, रात्री १०.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचा पटरचा किस्सा वाचून आजच बॅग रिकामी करून मोजली. खालच्या कप्प्यात मुलीची एक सात नंबर निघाली.

काल ऑफिसातून लवकर निघून गवताची रेंज गाठली. जुना ४८ माळ्यावर होता, तोही नेला. प्रत्येकी वीस बॉल, सर्वांत लांबचे तीन आणि आखूड तीन सोडून दिले, बाकीच्यांची सरासरी:

पिचिंग वेज ४४: ११० यार्ड.
जुना ४८: ९९ यार्ड.
सँड वेज ५६: ७६ यार्ड.

म्हणजे ४४ आणि ५६ मध्ये ३४ यार्डांचं भगदाड, आणि शनिवारी तीनदा मी बरोबर त्यातच पडलो होतो. हे आकडे वहीत लिहिले तेव्हा इतके महिने छातीवर असलेलं ओझं उतरलं. मला वाटत होतं माझा स्विंगच गेला.

डिव्हट बघितले, हरळीसाहेब. कांद्याचं साल निघावं तेवढेच. फोटोही काढून ठेवलेत. म्हणजे पातळ तळ मला चालेल असं समजतो. चूक असेल तर थांबवा.

नऊच्या काट्यावर हात थांबवून पुढे पूर्ण स्विंग असे पिचिंग वेजचे दहा बॉल मारले. सहा बॉल ८५ ते ९० मध्ये पडले, चार कुठेही. ते आता रोज गच्चीवर नुसत्या स्टिकने करतोय.

ठरवलं ते असं: ५०/८ उद्या घेतो. ६०/८ दुकानदाराने बाजूला ठेवलाय, बजेटमध्ये दोन्ही जेमतेम बसतात. वाकवण्याआधी एकच प्रश्न. ५६/१४ आणि ५८/६ यांच्यात फक्त दोन डिग्री राहतात. दोन स्टिक जवळजवळ एकाच अंतराच्या झाल्या, तर एक जागा वाया नाही का जात?

---

हरळी | गुरुवार, सकाळी ६.०५

नाही जात साहेब. पूर्ण स्विंगला ५८ मारायचाच नाही. ७५ यार्डांना छप्पन्न, तो ठरलेला. अठ्ठावन्न ग्रीनपासून तीस यार्डांच्या आत. मेमध्ये फरशीवरून आणि जुलैत ठोकलेल्या बंकरमधून. त्याचं काम तेवढंच, पण एका राउंडमध्ये ते काम चार-पाच वेळा येतं. ५ वूड राउंडमध्ये किती वेळा काढता ते मोजा.

डिव्हटचे फोटो पाठवले असते तर बरं झालं असतं, पण कांद्याचं साल म्हणालात ते कळलं. सहा चालेल.

एकच काळजी घ्या. जुलैत मऊ फेअरवेवरून चुकूनही ५८ काढू नका, पहिल्याच शॉटला तो मातीत जाईल आणि तुमचा त्याच्यावरचा विश्वास उडेल. सवय होईपर्यंत दोन्हींच्या ग्रिपला वेगळ्या रंगाची टेप लावा. माझी मुलं लाल आणि पिवळी लावतात.

---

लॉफ्ट मोजणारा | गुरुवार, सकाळी ८.२०

वाकवायच्या आधी दुकानदाराला तो ६० मशीनवर चढवून मोजायला सांगा. कोरलेला आकडा आणि खरा लॉफ्ट यात एखाद्या डिग्रीचा फरक निघू शकतो. ५९ निघाला तर एकच डिग्री वाकवावी लागेल. तुमचा ५६ आणि नवा ५० पण त्याच वेळी मोजून घ्या, डावखुऱ्यांसाठी मशीनवर पकड उलटी लावावी लागते, तेव्हा एकदाच सगळं उरकेल. आकडे इथे टाका, मला उत्सुकता आहे.

---

वाऱ्यावरची | गुरुवार, सकाळी ९.००

हरळी, तुमचं वाचून माझी चौदावी जागा आठवली. माझ्या बॅगेत ५२/१२ एकटाच आहे, आणि पावसात बंकरमधून मी कायम दुसऱ्या शॉटला बाहेर येते. भाच्याला दिलेला साठ त्याने अजून ठेवलाय का, आज संध्याकाळी फोन करून विचारते. त्याच्या तळावर काय आकडा आहे तेही बघायला सांगते.